आधी समोरच्याची चाल, मग आपली शैली

प्रश्न : मी ३६ वर्षांचा आहे. लातूरला हार्डवेअरचं दुकान आहे. तीन वर्षांपासून रात्री दुकान बंद करून आलो की जेवण झाल्यावर फोनवर लिचेस हे बुद्धिबळाचं अ‍ॅप उघडतो आणि तीन-तीन मिनिटांचे डाव खेळतो. दुसरा कुठलाच प्रकार खेळत नाही. माझी शैली आक्रमक आहे, जुना जगज्जेता ताल हा माझा आवडता खेळाडू. पांढऱ्यांकडून वजीर लवकर बाहेर काढून हल्ला चढवतो, काळ्यांकडून स्टॅफर्ड गॅम्बिट, म्हणजे सुरुवातीलाच प्यादं देऊन सापळा लावायची ओपनिंग, खेळतो. कधी दहा चालींत मात करतो, कधी दहा चालींत मात खातो. दीड वर्ष झालं, रेटिंग १३०० ते १४२० याच्या बाहेर जात नाही. हरलो की ते परत मिळवायला खेळत बसतो आणि पहाटेचे तीन वाजतात. माझा भाचा अकरा वर्षांचा आहे, क्लासला जातो. वर्षाच्या आत तो माझ्या पुढे गेला. तो म्हणतो, "मामा, तू फक्त तुझंच बघतोस." मी शैली बदलू का? ओपनिंग बदलू का? की या वयात आता एवढंच? सोबत एक हरलेला डाव पाठवतोय. इंजिननं, म्हणजे चाली तपासणाऱ्या संगणकानं, त्यावर चुकांच्या लाल-नारिंगी खुणा केल्या होत्या. मी बघितल्या आणि पुढचा डाव लावला.
– एक वाचक, लातूर

उत्तर :

नमस्कार. पत्र मनापासून लिहिलंत आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे हरलेला डाव पाठवलात. पुष्कळ जण जिंकलेला पाठवतात. म्हणून आधी तो डावच उघडतो, कारण तुमच्या बहुतेक प्रश्नांची उत्तरं त्याच्या पहिल्या सहा चालींत आहेत.

सगळ्यांना पटावर मांडून बघता यावा म्हणून पूर्ण डाव देतो. तुम्ही पांढरे. मोहऱ्याचं नाव नसेल ती चाल प्याद्याची, × म्हणजे मारणं.

१. ई४ ई५
२. वजीर एच५ घोडा सी६
३. उंट सी४ जी६
४. वजीर एफ३ घोडा एफ६
५. जी४ घोडा डी४
६. वजीर डी१ डी५
७. ई×डी५ उंट×जी४
८. एफ३ घोडा ई४
९. एफ×जी४ वजीर एच४ शह
१०. राजा एफ१ वजीर एफ२ मात

पाचव्या चालीला थांबू या. जी४ खेळताना तुमच्या डोक्यात काय होतं ते मला स्पष्ट दिसतं. पुढच्या चालीला जी५, एफ६वरचा घोडा हुसकला, आणि घोडा हलला की वजीर एफ७वर मात. विचार चुकीचा नाही, धमकी खरीच आहे. पण त्यात काळ्याच्या चालीला कुठे जागाच नाही. तुम्ही जी४ खेळणार, तो काहीतरी खेळणार, मग तुम्ही जी५ खेळणार. त्या 'काहीतरी'त घोडा डी४ होतं. एकाच उडीत तुमच्या एफ३वरच्या वजिरावर हल्ला आणि सी२वर टपलेला काटा, जिथे घोडा बसला की राजाला शह आणि कोपऱ्यातल्या हत्तीवर हल्ला एकदमच. सी२ सांभाळायला तुम्ही वजीर डी१ला परत नेला.

आता सहाव्या चालीनंतरचा पट जरा शांतपणे बघा. तुमचा वजीर तीन चाली खेळून जिथून निघाला होता तिथेच उभा आहे. सहा चालींची कमाई म्हणजे ई४चं प्यादं, सी४चा उंट आणि जी४चं ते प्यादं, ज्यानं स्वतःच्याच राजासमोरचं दार उघडं टाकलंय. काळ्याचे दोन्ही घोडे पटाच्या मध्यावर नजर ठेवून आहेत आणि चाल त्याची आहे. आठव्या चालीला तुम्ही एफ३ खेळून उंटावर हल्ला केलात, तेव्हाही तेच झालं. उंट दिसला, उंटाच्या मागे उभा असलेला घोडा दिसला नाही. तो ई४वर आला आणि काळ्या वजिराची एच४ची वाट मोकळी झाली. तुम्ही उंट मारलात आणि दोन चालींत मात. उंटाऐवजी घोडा मारला असता तर त्याच उंटानं तुमचा वजीर घेतला असता.

पाचव्या चालीला खेळण्यासारखी साधी चाल घोडा ई२ होती. हा घोडा डी४वर लक्ष ठेवतो, म्हणजे काळ्याची उडीच बंद. एक मोहरा बाहेर येतो आणि किल्लेकोट करायला, म्हणजे राजा हत्तीआड सुरक्षित न्यायला, वाट मिळते. डाव जवळजवळ बरोबरीचा राहिला असता. ही चाल सापडायला प्रतिभा लागत नाही. 'माझ्या या चालीवर तो कुठे येऊ शकतो?' एवढंच स्वतःला विचारायला लागतं. तुमच्या पत्रातलं सगळ्यात मोलाचं वाक्य तुमच्या भाच्याचं आहे. त्यानं अचूक निदान केलंय.

आता शैलीबद्दल. इथे मी थोडं कडक बोलणार आहे, राग मानू नका. तुम्ही ज्याला आक्रमक शैली म्हणता ती अजून शैली झालेली नाही. शैली म्हणजे दोन-तीन चांगल्या चाली समोर असताना त्यातली कुठली उचलता ते. पटावर काय काय शक्य आहे हे आधी दिसावं लागतं, तेव्हा निवडीचा प्रश्न येतो. आज तुम्हाला तुमच्या धमक्या दिसतात आणि समोरच्याच्या दिसत नाहीत. अशा वेळी होणारा हल्ला म्हणजे समोरचा चुकेल या आशेवर टाकलेली चाल. १३००च्या आसपास समोरचा चुकतोही, म्हणून दहा चालींत मात होते आणि आपला मार्ग बरोबर आहे असं वाटत राहतं. १४५० ते १५००चा खेळाडू ती एक चूक करत नाही. तुमचं रेटिंग बरोबर तिथेच अडतंय, यात मला काहीच गूढ दिसत नाही.

स्टॅफर्डचंही तसंच. पांढऱ्यानं ई५चं प्यादं घेतलं, तुम्ही घोडा सी६ला आणलात, त्यानं तो मारला, तुम्ही डी प्याद्यानं परत मारलं. आता तुम्ही मोजून एक प्यादं मागे आहात. पांढऱ्यानं हावरटपणे ई५ ढकललं, तुम्ही घोडा ई४ला नेलात, त्यानं डी३ खेळून तो हुसकायला बघितला, की उंट सी५ येतो. आता त्यानं घोडा मारला तर एफ२वर उंटाचा शह बसतो आणि वजीर हातचा जातो. सुंदर सापळा आहे, पहिल्यांदा बघणारा हमखास अडकतो. पण ज्याला तो ठाऊक आहे तो पाचव्या चालीलाच शांतपणे डी३ खेळतो, सापळा संपतो आणि तुम्ही उरलेला डाव एक प्यादं कमी घेऊन खेळता. असल्या ओपनिंगमधून खेळाडूला शिकायला फार थोडं मिळतं. जिंकलो तर सापळ्यानं, हरलो तर त्याला सापळा ठाऊक होता म्हणून. मधला खेळ होतच नाही आणि सगळं शिकणं त्या मधल्या खेळात असतं.

तालचं नाव घेतलंत, मला आनंद झाला. तो माझाही आवडता आहे. १९६० साली अवघ्या तेविसाव्या वर्षी तेव्हाच्या जगज्जेत्या बॉटविनिकला हरवून तो जगज्जेता झाला, आणि त्याचे बलिदानाचे डाव अजून लोक तोंडात बोट घालून बघतात. पण त्याच तालची दुसरी एक कामगिरी बघा. १९७३ ते ७४ या काळात तो सलग ९५ डाव एकदाही हरला नाही. त्यात ४६ विजय आणि ४९ बरोबऱ्या. ज्याला आपण फक्त हल्लेखोर म्हणून ओळखतो त्यानं वर्षभर कुणाला स्वतःवर मात करू दिली नाही. समोरच्याच्या धमक्या त्याला आपल्यापेक्षा कितीतरी आधी दिसायच्या, म्हणून तो मोहरे सोडून देण्याचं धाडस करू शकायचा. तालवर प्रेम असेल तर त्याचे बरोबरीचे डावही बघा. हल्ला अंगावर आलेला असताना तो काय करतो, ते बघा.

तेव्हा शैली बदलू नका. आक्रमक वृत्ती चांगली आहे, ती तुम्हाला पटाशी बांधून ठेवते. फक्त आत्ता तिची चिंता बाजूला ठेवा.

आता घड्याळाकडे येतो, कारण खरी अडचण तिथेच आहे. तीन मिनिटांचा डाव, चाळीस चाली धरा. एका चालीला साडेचार सेकंद. साडेचार सेकंदांत माणूस विचार करत नाही, हाताला जे वळण लागलंय तेच करतो. तीन वर्षांत हाताला वळण लागलं ते वजीर बाहेर काढण्याचं आणि धमकी देण्याचं. आणखी तीन वर्षं तीन मिनिटांचे डाव खेळलात तर तेच वळण आणखी पक्कं होईल. ब्लिट्झ, म्हणजे असे झटपट डाव, वाईट नाही, मोठे खेळाडूही भरपूर ब्लिट्झ खेळतात. पण ते आधी शिकलेलं वेगानं वापरत असतात. नवीन काही त्या वेगात शिरत नाही.

म्हणून पुढचे तीन महिने १५+१० खेळा, म्हणजे पंधरा मिनिटं आणि प्रत्येक चालीला वर दहा सेकंद. चाळीस चालींच्या डावात तुम्हाला एका चालीला सरासरी तीस सेकंदांहून थोडा जास्त वेळ मिळतो. एक डाव फार तर पाऊण तासाचा. दुकान सांभाळणाऱ्या माणसाला रात्री एक डाव पुरे. पहिले काही दिवस तुम्हाला फार जड जातील, हे आत्ताच सांगून ठेवतो. समोरचा दोन मिनिटं विचार करत बसेल आणि तुमचं बोट शिवशिवेल. तुम्ही पंधरा मिनिटांचा डावसुद्धा चार मिनिटांत खेळून मोकळे व्हाल आणि घड्याळात पुष्कळ वेळ शिल्लक असताना मात खाल. माझ्याकडे येणाऱ्या प्रौढ खेळाडूंपैकी बहुतेकांचं सुरुवातीला असंच होतं. डाव संपल्यावर आपल्या घड्याळात किती वेळ उरला होता हे रोज वहीत लिहा. तो आकडा महिनाभरात कमी व्हायला लागला तर तुम्ही सुधारताय, मग निकाल काहीही लागो.

त्या तीस सेकंदांत करायचं काय? समोरच्यानं चाल केली की आधी आपला बेत बाजूला ठेवा. त्या चालीनं काय बदललं? त्याच्या मोहऱ्यानं कुठलं घर सोडलं, कुठलं घर धरलं, कुठली वाट मोकळी झाली? आत्ता त्याला आणखी एक चाल फुकट दिली तर तो काय करेल? हे बघून झालं की मगच आपली चाल शोधा. आणि शोधलेली चाल खेळण्याआधी एकदा तो कुठले शह देऊ शकतो, काय मारू शकतो, कशावर धमकी आणू शकतो, याच क्रमानं नजर फिरवा. तुमच्या डावात पाचव्या चालीला ही नजर फिरवली असती तर शह नाही, मारण्यासारखं काही नाही, धमकी मात्र घोडा डी४, दिसलीच असती. फोनवर खेळत असाल तर बोट पडद्यापासून लांब ठेवा. शक्य असेल तर फोनऐवजी कॉम्प्युटरवर खेळा, पट मोठा दिसतो आणि कोपऱ्यातले उंट नजरेतून सुटत नाहीत.

डाव संपल्यावरचं काम डावाइतकंच महत्त्वाचं आहे, आणि तुम्ही नेमकं तेच टाळता. लाल-नारिंगी खुणा बघून पुढचा डाव लावता. इंजिन तुम्हाला चूक कुठे झाली ते सांगतं. ती का झाली हे इंजिनला ठाऊक नसतं, ते फक्त तुम्हाला ठाऊक असतं आणि तेही दहा-पंधरा मिनिटंच आठवणीत राहतं. म्हणून हरल्यावर इंजिन लावायच्या आधी डाव पहिल्यापासून पुढे चालवा आणि जिथे डोक्यात गोंधळ झाला होता तिथे दोन ओळी लिहा. साधं लिहा : 'इथे मला वाटलं तो घोडा परत नेईल. डी४ बघितलंच नाही.' किंवा 'इथे मी घाबरलो आणि वजीर मागं घेतला, खरं तर धमकी काहीच नव्हती.' मग इंजिन लावा आणि तुमच्या ओळी त्याच्या खुणांशी ताडून बघा. लिचेसवर विश्लेषणानंतर चुकांमधून शिकण्याची सोय आहे. ती तुमच्या चुकीच्या चालीआधीची स्थिती समोर ठेवते आणि चांगली चाल तुम्हालाच शोधायला लावते. फुकट आहे, वापरा. पण लिहिणं त्याच्या आधी.

पंधरा-वीस डावांच्या अशा नोंदी झाल्या की त्या एका बैठकीत वाचा. तुम्हाला धक्का बसेल, चुका वेगवेगळ्या नसतात. दोन-तीनच असतात आणि त्याच परत परत होतात. माझा अंदाज आहे की तुमच्या वहीत 'लांबून येणारा उंट दिसला नाही' आणि 'आपल्याच हल्ल्याच्या नादात मागचं बघितलं नाही' ही वाक्यं सगळ्यात जास्त वेळा येतील. चुकलो तर सांगा.

आता तो आकडा. तुम्ही पत्रात रेटिंगबद्दल ज्या तळमळीनं लिहिलंय ते वाचून मला काळजी वाटली. रेटिंग म्हणजे ज्यांच्याशी खेळलात त्यांच्यात तुमची जागा साधारण कुठे आहे याचा अंदाज. आर्पाद एलो यांनी बसवलेल्या गणिताप्रमाणे १०० गुणांनी वरचा खेळाडू खालच्याविरुद्ध शंभर डावांत साधारण ६४ गुण मिळवतो. म्हणजे तुमच्यापेक्षा शंभरानं कमी असलेला माणूस तीनातला एक गुण सहज नेतो. त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. लिचेस मार्क ग्लिकमन यांची ग्लिको-२ पद्धत वापरतं. त्यात तुमच्या आकड्याबरोबर त्या आकड्यावर किती भरवसा ठेवायचा हेही मोजलं जातं. तुमच्यासारखं रोज खेळणारं जुनं खातं असेल तर बरोबरीच्या खेळाडूशी एका डावाला सहा-सात गुण इकडे तिकडे होतात. एका वाईट रात्री दहा डाव ओळीनं गेले की साठ-सत्तर गुण जातात. त्या रात्री तुम्ही बुद्धिबळ विसरलेले नसता, झोपेनं डोळे जड झालेले असतात.

इथे एक सूचना. १५+१० खेळायला लागलात की ते लिचेसवर रॅपिड या वेगळ्या गटात मोजलं जातं. तुम्ही रॅपिड कधी खेळला नाहीत, म्हणजे तिथे तुमचा आकडा १५०० आणि शेजारी प्रश्नचिन्ह असा सुरू होईल. पहिल्या काही डावांत तो जोरात वरखाली होईल, कदाचित एकदम शे-दीडशेनं खाली येईल. घाबरून ब्लिट्झकडे परत पळू नका. प्रश्नचिन्ह जाईपर्यंत त्या आकड्याला अर्थ नसतो. आणि माझं ऐकाल तर सेटिंगमध्ये जाऊन खेळाडूंचं रेटिंग दाखवणंच बंद करा, तशी सोय आहे. समोर १६०० दिसला की आपण आधीच हरलेले असतो आणि १२०० दिसला की निष्काळजी होतो. आकडा दिसला नाही की पट दिसतो.

पहाटे तीनची गोष्ट मात्र मी हलकी घेणार नाही. हरलेले गुण त्याच रात्री परत मिळवायचे, म्हणून खेळत राहणं हे बुद्धिबळ नाही. त्यात दुसऱ्या दिवसाचं दुकान जातं, झोप जाते, आणि ज्या खेळावर प्रेम आहे त्याचाच तिटकारा यायला लागतो. नियम करा की ब्लिट्झ हवाच असेल तर रविवारी दुपारी, आणि सलग दोन हरलात की फोन खाली. बाकीचे दिवस रात्री एक लांब डाव, त्याच्या नोंदी, आणि झोप. घरच्यांना हा नियम सांगून ठेवा, म्हणजे तो मोडणं अवघड जाईल.

वयाचा प्रश्न तुम्ही शेवटी विचारलात, पण मला वाटतं तोच मनात सगळ्यात खोल बसलेला आहे. मी तुम्हाला खोटा दिलासा देणार नाही. आनंद यांनी २०१७ साली अठ्ठेचाळिसाव्या वर्षी रियाधला जागतिक रॅपिड जिंकली, कोनेरू हंपी यांनी २०२४च्या अखेरीस सदतिसाव्या वर्षी न्यूयॉर्कला महिलांची जागतिक रॅपिड जिंकली. ही उदाहरणं खरी आहेत, पण ती तुमच्या कामाची नाहीत. दोघांनीही बालपणी पट हातात घेतला. त्यांच्या डोक्यात जे साठलंय ते दशकांचं आहे. आपली नागपूरची दिव्या देशमुख २०२५ साली एकोणिसाव्या वर्षी जॉर्जियातल्या बटुमीला महिलांचा विश्वचषक जिंकून ग्रँडमास्टर झाली, तीही लहानपणापासूनच्या रोजच्या सरावावर. अकरा वर्षांचं मूल पटावरच्या आकृत्या ज्या वेगानं डोक्यात साठवतं त्या वेगानं तुम्ही आणि मी साठवू शकत नाही. भाचा तुमच्या पुढेच राहील, बहुधा आणखी पुढे जाईल.

पण १४००वर तुम्हाला वयानं अडवलेलं नाही. या पातळीवर डाव हरतात ते फुकट गेलेल्या मोहऱ्यांनी आणि न बघितलेल्या एका चालीच्या धमक्यांनी. ते टाळायला तरुण मेंदू लागत नाही, सवय लागते. सवय लावून घेण्यात दुकानदार माणूस लहान मुलापेक्षा कमी नसतो, उलट जास्त चिकाटीचा असतो. रोजचा हिशेब तुम्ही रोज करताच. आणि भाच्याकडून शिकण्यात कमीपणा मानू नका. त्याच्याशी आठवड्यातून एक डाव खऱ्या पटावर खेळा आणि नंतर त्याला विचारा, 'या ठिकाणी तू काय बघत होतास?' मुलं फार स्वच्छ उत्तर देतात. त्यालाही मामाला समजावून सांगताना स्वतःचं कळलेलं पक्कं करता येईल.

बाकीचं थोडक्यात. ओपनिंग बदला, पण त्यात महिने घालवू नका. पांढऱ्यांकडून ई४, मग जी१चा घोडा एफ३, उंट सी४, किल्लेकोट, डी३, इतकं साधं. काळ्यांकडून ई४ला ई५ आणि डी४ला डी५. घोडे-उंट बाहेर, राजा सुरक्षित, हत्ती मध्यभागाकडे. या पातळीवर एवढं ओपनिंग पुरतं. रोज पाच कोडी सोडवा, पण शेवटच्या चालीपर्यंतची पूर्ण उकल डोक्यात झाल्याशिवाय बोट लावू नका. भराभर पन्नास सोडवणं ही पुन्हा तीन मिनिटांचीच सवय. डावाच्या शेवटच्या टप्प्यातलं निदान एक तरी घट्ट शिका : एक राजा, एक प्यादं आणि समोर एकटा राजा. पांढरं प्यादं ई५वर, पांढरा राजा त्याच्या पुढे ई६वर, काळा राजा ई८वर. चाल कुणाचीही असो, पांढरा जिंकतो. का जिंकतो हे पटावर मांडून भाच्याबरोबर स्वतः शोधा. मग प्यादं कडेच्या पट्टीवर, ए किंवा एचवर ठेवून बघा, तिथे हे का चालत नाही तेही सापडेल. आपण जिंकलेलं प्यादं डावाच्या शेवटी कशाला उपयोगी पडतं हे एकदा कळलं की स्टॅफर्डमध्ये दिलेलं प्यादं आपोआप सलायला लागेल.

समोरचे इंजिन वापरतात का, असं कधी मनात आलं तर तक्रारीचं बटण दाबा आणि विसरून जा. फसवणारा सापडला तर गेलेले गुण परत मिळतात. तुमच्या डावात कुणाला इंजिनची गरज पडली नव्हती.

आणि शेवटचं म्हणजे एकदा समोरासमोरच्या स्पर्धेत उतरा. मराठी मुलखाला या खेळाची जुनी परंपरा आहे, सांगलीच्या नूतन बुद्धिबळ मंडळासारख्या संस्थांनी ती पिढ्यान्‌पिढ्या टिकवली. आता तर जिल्ह्याजिल्ह्यांत रविवारच्या खुल्या स्पर्धा होतात, शाळांच्या सभागृहात, मंगल कार्यालयांत. भाच्याच्या सरांना विचारा, पुढची कुठे आहे ते त्यांना माहीत असेल. तिथे रेटिंगचा तुमच्या ऑनलाइन आकड्याशी काही संबंध नाही. फिडेनं, म्हणजे जागतिक बुद्धिबळ महासंघानं, २०२४च्या मार्चपासून आपल्या यादीतलं किमान रेटिंगच १४०० केलंय, तेव्हा दोन्ही आकडे शेजारी ठेवून हिशेब करू नका. पहिल्या स्पर्धेत अर्धे गुण मिळाले तरी ते चांगलेच समजा. समोर आठ-दहा वर्षांची मुलं येतील, त्यांना हलकं लेखू नका.

दोन गोष्टींची आधीच तयारी करा. हात लावला ती सोंगटी खेळावी लागते, तिथे बोट मागे घेऊन चालत नाही. म्हणून विचार करताना हात मांडीवर ठेवायची सवय घरीच लावा. आणि लांब वेळेच्या स्पर्धेत प्रत्येक चाल कागदावर लिहावी लागते, तीही समोरच्याची आणि आपली, दोन्ही. भाच्याबरोबरचे डाव आत्तापासून लिहूनच खेळा. फोन मात्र घरी किंवा गाडीत ठेवा. खेळायच्या जागी खिशात सापडला तर डाव तिथेच जाऊ शकतो.